कागदी शिल्प: वरचं रूप, आतलं विज्ञान – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिक, सिन्नर आणि आसपासच्या भागात कागदातून शिल्प करू पाहणाऱ्यांकडून हे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. उत्तरांतली मापं साध्या साधनांनी घरी जमतील अशी ठेवली आहेत. वेगळं लिहिलेलं नसेल तिथे कागद ८० जीएसएमचा, झेरॉक्सचा धरावा.

कागदी शिल्प म्हणजे ओरिगामीच ना?

ओरिगामी हा त्याचा एक भाग झाला. इथे आपण ज्या कामाबद्दल बोलतो आहोत त्यात रूप जुनं असतं: यक्ष, गण, देवळाचं शिखर, संगमरवरी वाटणारं डोकं. ते उभं करणारी रचना मात्र भूमितीतून, पदार्थविज्ञानातून किंवा शरीरशास्त्रातून आलेली असते. चिनी कलाकार ली होंगबो यांची डोकी लांबून प्लास्टरच्या पुतळ्यांसारखी दिसतात. हात लावून ओढली की हजारो तावांची जाळी उघडते आणि मान अकॉर्डियनसारखी लांब होते. अमेरिकेच्या लिसा निल्सन यांनी मानवी शरीराचे आडवे छेद क्विलिंगच्या, म्हणजे गुंडाळून उभ्या चिकटवलेल्या अरुंद कागदी पट्ट्यांतून बनवले. त्यांनी जपानी तुतीचा कागद आणि जुन्या पुस्तकांच्या सोनेरी कडा वापरल्या, आणि क्विलिंगचं तंत्र तर कित्येक शतकं जुनं आहे. दोघांच्याही कामात विज्ञान शोभेपुरतं चिकटवलेलं नाही. ते काढून घेतलं तर शिल्पच उरत नाही. आम्ही हीच कसोटी लावतो.

सुरुवातीला कोणता कागद घ्यावा?

जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. ए४ चा ताव चौरस मीटरचा सोळावा भाग असतो, म्हणून ८० जीएसएमचा एक ताव बरोबर ५ ग्रॅमचा आणि ५०० तावांचं रीम अडीच किलोचं. जाडी साधारण ०.१ मिमी, म्हणजे रीम पाच सेंटिमीटर उंच. हे तीन आकडे पाठ असले की कुठल्याही कामाचा हिशेब तोंडी होतो.

उघडणाऱ्या जाळीच्या कामाला ७० ते ८० जीएसएम, घड्यांच्या कामाला १०० ते १२०, ओला करून वाकवायचा असेल तर १६० ते २२० चा सुती कागद आणि थरांच्या कामाला २ मिमी ग्रेबोर्ड (राखाडी जाड पुठ्ठा). नाशिकच्या शालिमार, मेन रोड भागातल्या स्टेशनरीच्या दुकानांत झेरॉक्सचा कागद, कार्डशीट, आयव्हरी शीट आणि ग्रेबोर्ड मिळतात. मोठे ताव घ्यायचे असतील तर छापखान्याला कागद पुरवणाऱ्याकडे जावं आणि दस्त्याने नव्हे, रिमाने घ्यावेत. दोन वेगळ्या रिमांचा पांढरा रंग क्वचितच जुळतो आणि घासल्यावर तो फरक पट्ट्यासारखा उठून दिसतो.

कागदाची नस ओळखायची कशी? आणि ती बघितली नाही तर काय बिघडतं?

यंत्रावर कागद तयार होताना तंतू बहुतांशी यंत्राच्या चालीच्या दिशेने लोळतात. तीच नस. नसेला समांतर घडी स्वच्छ पडते, आडवी घातली तर कडेला तुटते, केसाळ होते. दमट हवेत कागद नसेला आडवा बराच फुगतो आणि नसेच्या दिशेने जवळजवळ नाही.

ओळखायला कागदाचा चौकोनी तुकडा कापा, त्यावर एका दिशेची पेन्सिलखूण करा आणि एक बाजू पाण्याने ओली करा. तुकडा लगेच नळीसारखा वळतो. नळीची लांबी ज्या दिशेने असेल तीच नस. जाड बोर्डाला हे जमत नाही. तो दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून पाहावा, कमी जोर लागतो ती घडी नसेला समांतर असते.

नस न बघता केलेलं काम पहिले दोन महिने उत्तम दिसतं. मग आषाढ लागतो. थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असतील तर प्रत्येक थर वेगळ्या दिशेला फुगू पाहतो आणि बोर्ड ताटलीसारखा वाकतो. सगळ्या थरांची नस एकाच दिशेला असू द्या. थर आलटूनपालटून आडवे ठेवायचे असतील तर मधल्या थराच्या दोन्ही बाजूंना सारखेच थर आले पाहिजेत, प्लायवुडमध्ये असतात तसे.

ताणल्यावर उघडणारं डोकं नेमकं कसं काम करतं?

मधाच्या पोळ्यासारख्या जाळीवर. लग्नाच्या मांडवात लावतात ते उघडणारे कागदी गोळेही याच जातीचे. दोन तावांमध्ये डिंकाच्या समांतर रेघा असतात आणि पुढच्या दोन तावांमध्ये त्याच रेघा निम्म्या अंतराने सरकवलेल्या. ओढलं की न चिकटलेला भाग उघडतो आणि षटकोनी घरं तयार होतात.

हिशेब असा. डिंकाच्या रेघेची रुंदी ‘र’ असेल तर एका रेघेच्या सुरुवातीपासून पुढच्या रेघेच्या सुरुवातीपर्यंतचं अंतर ‘र’च्या चौपट ठेवा, म्हणजे षटकोनाच्या सहाही बाजू सारख्या होतात. रेघ ३ मिमी, अंतर १२ मिमी, सरकवायचं ६ मिमी. जाळी पूर्ण उघडली की ०.१ मिमीच्या एका तावाची उंची ३ × ०.८६६, म्हणजे सुमारे २.६ मिमी होते. दहा सेंटिमीटरचं डोकं कागदोपत्री अडीच मीटरपेक्षा लांब जाऊ शकतं. त्याच वेळी रुंदी तीन चतुर्थांशावर येते, १२ मिमीच्या जागी ९. म्हणूनच ओढलेला चेहरा नुसता लांबत नाही, तो बारीकही होतो. प्रदर्शनात तीस-चाळीस सेंटिमीटरपेक्षा जास्त ओढू नये. त्यापुढे डिंकाच्या कडेला घडी कायमची बसते आणि डोकं पुन्हा नीट मिटत नाही.

पहिलं डोकं करायला किती सामान लागेल?

दहा सेंटिमीटर उंचीच्या डोक्यासाठी:

– ए४ चे २५० ताव, प्रत्येकाचे चार तुकडे, म्हणजे ए६ मापाचे (१०५ × १४८ मिमी) १००० ताव. वजन सव्वा किलो. तुकडे छापखान्याच्या कटिंग मशीनवर करून घ्या, हाताने कापलेले ताव चौकोनात बसत नाहीत.
– पांढरा फेविकॉल २५० ग्रॅम. प्रत्यक्षात १२० ग्रॅमच्या आसपास लागतो, बाकीचा रोलरवर आणि डब्यात जातो.
– ओएचपी शीट (पारदर्शक प्लास्टिकचा ताव), त्यात ३ मिमी रुंदीच्या खाचा, दर १२ मिमीवर एक.
– छोटा फोम रोलर, १२ मिमी प्लायवुडचे दोन तुकडे, चार सी-क्लॅम्प.
– ८०, १२०, २२० आणि ४०० नंबरचा पॉलिश पेपर.

एका तावाला अर्धा मिनिट धरला तरी नुसतं चिकटवण्याला आठ तासांहून जास्त जातात. एका बैठकीत करू नका. हात थकला की रेघ सरकते.

चिकटवायची पद्धत सविस्तर सांगाल?

ए४ झेरॉक्स कागदाची नस बहुतेक वेळा लांब बाजूने असते, म्हणून ए६ तुकड्यातही ती १४८ मिमीच्या बाजूने येते. खात्री ओल्या तुकड्याने करून घ्यावी. डिंकाच्या रेघा याच दिशेने पडल्या पाहिजेत, म्हणजे जाळी नसेला समांतर वाकते. माणसाचं डोकं रुंदीपेक्षा पुढून मागे जास्त लांब असतं, त्यामुळे १४८ ची बाजू नाकाकडून मागच्या टाळूकडे ठेवली की माप आपोआप जुळतं.

फळीवर काटकोनात दोन पट्ट्या ठोका, ताव त्या कोपऱ्यात बसेल. वरून ओएचपीचा साचा एका कडेला टेपने बिजागरीसारखा लावा. कोपऱ्यात ६ मिमी रुंदीची एक सुटी पट्टी ठेवा. विषम तावाच्या वेळी पट्टी काढायची, सम तावाच्या वेळी ठेवायची. रेघ आपोआप ६ मिमी सरकते, साचा हलवावा लागत नाही.

फेविकॉलच्या दहा भागांत एक भाग पाणी. याहून पातळ केलं तर डिंक साच्याखाली पसरतो आणि घरं बंद होतात. रोलर आधी रद्दी कागदावर फिरवून निथळवा, मग साच्यावर एकदाच न्या.

पन्नास तावांचा एक गठ्ठा करा. पन्नास तावांत ४९ सांधे येतात. पहिला विषम, म्हणून शेवटचाही विषम. त्यामुळे गठ्ठ्याला गठ्ठा जोडताना तो सांधा नेहमी सम रेघांचा असला पाहिजे. मोजणीत एक ताव कमी-जास्त झाला की हा हिशेब मोडतो: दोन लागोपाठ सांध्यांत रेघा एकाखाली एक येतात, मधला ताव ताणलाच जात नाही आणि उघडलेल्या जाळीत झोळीसारखा लोंबतो. ही चूक बाहेरून दिसत नाही, डोकं कोरून झाल्यावर कळते. म्हणून प्रत्येक गठ्ठा पाच किलोखाली तासभर वाळला की जोडण्याआधी हलक्या हाताने उघडून बघा. घरं एकसारखी दिसली तरच तो पुढे घ्या. असे वीस गठ्ठे. पूर्ण ठोकळा २४ तास दाबाखाली ठेवा. डिंकामुळे ठोकळा थोडा उंच भरतो, तेव्हा उंची मोजत जा आणि शेवटचे गठ्ठे गरजेप्रमाणे कमी करा.

नाकाचा किंवा कानाचा तुकडा सुटून येतो. असं का होतं?

तिथे डिंकाची रेघ पडलेलीच नसते. रेघांमधलं अंतर १२ मिमी आणि कानाची पाळी ८ मिमी असेल, तर ती पाळी दोन रेघांच्या मधोमध येऊन कोरी राहू शकते. नियम सोपा आहे: शिल्पाचा सुटा उभा राहणारा सर्वांत अरुंद भाग एका पूर्ण अंतरापेक्षा रुंद हवा. नाक १५ मिमी रुंद असेल तर १२ चालतं. त्याहून बारीक काम हवं असेल तर रेघ २ मिमी आणि अंतर ८ मिमी करा, नाहीतर शिल्पच मोठं घ्या. लहान डोक्यात सुटे कान कोरण्याचा मोह आम्ही टाळायला सांगतो. आपल्याकडच्या मूर्तींत कानामागे केसांचा जुडा किंवा मुकुटाची झालर असते, ती ठेवली की कान मागच्या वस्तुमानाशी जोडलेला राहतो.

ठोकळा कोरायचा कशाने?

ठोकळा दोन प्लायवुडमध्ये घट्ट आवळा. एका बाजूवर बाजूचं रेखाटन आणि पुढच्या बाजूवर समोरचं रेखाटन काढा. आधी बाजूचं कापा, निघालेले तुकडे टेपने पुन्हा जागेवर बसवा आणि मग समोरचं कापा. तुकडे परत न बसवता पुढे गेलात तर समोरचं रेखाटनच हरवतं. सुतारकामाच्या दुकानात बँडसॉवर हे पंधरा मिनिटांत होतं. घरी बारीक दातांचं हॅक्सॉ पातं चालतं, वेळ लागतो.

पुढचं काम कानस आणि पॉलिश पेपरने, ८० पासून ४०० पर्यंत क्रमाने. घासण्याची दिशा नेहमी तावांना समांतर ठेवा. आडवं घासलं की प्रत्येक तावाची कड उलटते आणि गालावर लोकर उगवल्यासारखं दिसतं. अँगल ग्राइंडर वापरणाऱ्यांनी एका जागी थांबू नये, घर्षणाने कडा तपकिरी होतात आणि तो डाग आत बराच खोल जातो. कागदाची धूळ फार बारीक असते. मास्क लावा, खोलीत पंखा नको आणि जवळपास उदबत्ती किंवा शेगडी पेटती नको.

रंग लावू नका. रंग म्हणजे पातळ डिंकच, तो कडा एकमेकांना चिकटवतो आणि जाळी मेली. काळ्या पाषाणाचा भास हवा असेल तर आरपार रंगलेला काळा कागद घ्या.

एकाच तावातून, न कापता, गोलसर गाल का येत नाही?

नारळावर कागद बसवून पाहा. शेंडीकडे घट्ट बसवला की खालच्या कडेला चुण्या पडतात. चुण्या काढायला गेलं की वर सुटतो. कागद एका वेळी एकाच दिशेने वाकू शकतो, नळी होईल, शंकू होईल, पण चेंडू होणार नाही. गाउसने १८२७ मध्ये हे गणितात सिद्ध केलं: पृष्ठभाग न ताणता, न फाडता वाकवला तर त्याची एक विशिष्ट वक्रता बदलत नाही. सपाट तावाची ती शून्य असते, म्हणून वाकवल्यावरही शून्यच राहते.

गाल, पोट, खांदा यांची वक्रता धन असते, तिथे कागद जास्त होतो आणि चुण्या पडतात. मान जिथे खांद्याला मिळते, कंबर जिथे आत जाते, तिथे खोगीरासारखा आकार असतो, वक्रता ऋण. तिथे कागद कमी पडतो आणि फाटतो. हा फरक कळला की दुरुस्ती सुचते. ब्लाउज शिवणारा शिंपी टक्स घेतो, तेच करायचं: धन वक्रतेला पाचर कापून कडा जोडायच्या, ऋण वक्रतेला चीर देऊन आत पाचर भरायची.

जोड लपवायचा कुठे? इथे जुनं शिल्प आपल्याला शिकवतं. मूर्तीवर हार, केयूर, मेखला नेमक्या त्याच जागी असतात जिथे एक वक्रता संपून दुसरी सुरू होते. मानेचा सांधा हाराखाली, कमरेचा मेखलेखाली, दंडाचा केयूराखाली. दागिने रेखाटनात आधी आखा आणि टक्सच्या रेघा त्यांच्याखालून न्या.

पूर्ण गोल हवाच असेल तर?

फाकी जोडा. ४० मिमी त्रिज्येच्या गोलासाठी १२ फाकी: प्रत्येकीची मधली रुंदी २०.९ मिमी, टोकापासून टोकापर्यंतची लांबी १२५.७ मिमी. कडेची रेघ सरळ नसते, ज्या वक्राने फाक निमुळती होते तो मधल्या रुंदीला मध्यापासूनच्या कोनाच्या कोज्येने गुणून काढतात. टोकापासून लांबीच्या एक षष्ठांश अंतरावर, म्हणजे ध्रुवापासून ३० अंशांवर अर्धीच रुंदी असते, हे तपासून बघा. बारा फाकींचा गोल मध्यावर खऱ्या गोलापेक्षा जास्तीत जास्त दीड मिमी आत-बाहेर होतो, डोळ्याला खटकत नाही. आठ फाकींवर खटकतो.

देवळाचं शिखर कागदात कसं आणावं?

सिन्नरचं गोंदेश्वर यासाठी उत्तम गुरू आहे. भूमिज शैलीचं, काळ्या दगडातलं पंचायतन. शिखराच्या चारही बाजूंना मधोमध वर चढत जाणारी लता, म्हणजे उभा पट्टा, आणि लतांच्या मधल्या भागांत छोट्या शिखरांच्या ओळी, वर जातील तशा लहान होत जाणाऱ्या. शिखर शिखरांचंच बनलेलं. आजच्या गणितात याला स्वयंसदृश रचना म्हणतात.

नमुना करताना एकच छोटं शिखर आखा आणि प्रत्येक मजल्याला ठरलेल्या गुणोत्तराने लहान करा. पहिला मजला ३० मिमी आणि गुणोत्तर ०.८८ घेतलं तर मजले असे येतात: ३०, २६.४, २३.२, २०.४, १८, १५.८, १३.९. सात मजल्यांची बेरीज १४८ मिमीच्या आत. याच गुणोत्तराने कितीही मजले चढवले तरी उंची २५० मिमीच्या वर जाणार नाही, कारण ३० भागिले ०.१२ हीच त्या बेरजेची मर्यादा. शिखर कुठे थांबवायचं आणि कळस कुठे ठेवायचा ते या हिशेबावरून आधी ठरवता येतं. खऱ्या देवळाचे मजले फोटोवरून मोजून घ्या आणि गुणोत्तर त्यांच्यावरून काढा, आमचा आकडा सरावापुरता आहे.

बांधणी दोन प्रकारे होते. आडवे थर एकावर एक: २ मिमी बोर्डाचे ७४ थर, मधून ६ मिमीची गोल काठी, म्हणजे थर सरकत नाहीत. किंवा उभे-आडवे काप खाचांत अडकवायचे. यात खाच बोर्डाच्या जाडीइतकी असावी, तीही प्रत्यक्ष मोजून. २ मिमी म्हणून विकलेला बोर्ड १.८ किंवा २.१ निघू शकतो आणि वीस खाचांत ती चूक साठत जाऊन शिखर कलतं. आधी दोन तुकड्यांवर खाच बसवून पाहा: उलटं धरल्यावर तुकडा पडू नये, आणि बसवताना कड चुरगळू नये.

मूर्तीची प्रमाणं कुठून घ्यायची?

तालमानातून, म्हणजे मूर्तिकलेतल्या जुन्या मापपद्धतीतून. नवताल मूर्ती नऊ तालांची, एका तालात बारा अंगुळं, म्हणजे १०८ अंगुळं. चेहरा एक ताल. अंगुळ ५ मिमी धरलं तर मूर्ती ५४० मिमीची, चेहरा ६० मिमीचा. २ मिमी बोर्डाने एका तालात बरोबर ३० थर आणि संपूर्ण मूर्तीत २७०. थरांना क्रमांक देताना साध्या १, २, ३ ऐवजी ताल आणि थर लिहा, ‘चौथा ताल, अकरावा’ असे. सव्वीस थर उलटे लागले आहेत हे शोधायला रात्र जात नाही.

पांडवलेण्यांवरून काय घेता येईल?

क्रमांक ३ च्या लेण्यात ओसरीखाली तुळया खांद्यावर घेतलेले गण आहेत. भार पेलणारं शरीर, दबलेली मान, रुंद खांदे. उघडणाऱ्या जाळीसाठी आम्हाला हा विषय फार जवळचा वाटतो, कारण जाळीही भाराखाली मिटते आणि भार काढला की उठते. क्रमांक १८ च्या चैत्याची कमान लाकडी बांधकामाची दगडातली नक्कल आहे, त्यातल्या वाशांच्या ओळी खाचांच्या पद्धतीने सहज उतरतात.

मोजमापासाठी शिल्पाला हात लावायचा नाही, छाप घ्यायचा नाही. हातातल्या मोबाइलने सगळ्या बाजूंनी ६० ते ८० फोटो घ्या, प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा दोन तृतीयांश भाग यावा, म्हणजे फोटो जोडून संगणकावर आकार मोजता येतो. ट्रायपॉड लावायचा असेल तर पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. सकाळी लवकर, सावल्या मऊ असताना जा. कडक उन्हात सावलीच आकार म्हणून मोजली जाते.

वक्र घडी म्हणजे काय आणि ती कुठे वापरायची?

प्रभावळीला. १२० जीएसएमच्या कागदावर एकाच केंद्रातून ३०, ४०, ५०, ६०, ७० मिमी त्रिज्येची वर्तुळं काढा. कंपासात पेन्सिलऐवजी रिकामं रिफिल बसवून रेघ दाबा, कागद कापू नका. ३० चं मधलं वर्तुळ आणि ७० ची बाहेरची कड कापून कडं बनवा. उरलेल्या रेघा एक वर, एक खाली अशा घडवत जा. कडं आपोआप खोगीरासारखं उचललं जातं. हे कोणी वाकवलेलं नसतं: घड्यांमुळे कडं आक्रसतं, परिघाची लांबी मात्र तीच राहते, आणि ती जास्तीची लांबी वर-खाली जाऊन जागा शोधते. १९२० च्या दशकात जर्मनीतल्या बाउहाउसमध्ये योसेफ आल्बर्स विद्यार्थ्यांकडून असे कागदी अभ्यास करून घेत. पुढे १९७६ मध्ये डेव्हिड हफमन यांनी अशा घड्यांचं गणित मांडलं.

घडी एकदम पूर्ण दाबू नका. सगळ्या रेघा थोड्या थोड्या, तीन फेऱ्यांत. एक रेघ आधी पूर्ण दाबली तर शेजारची रेघ सोडून कागद भलतीकडेच मोडतो.

सरळ घड्यांचा नकाशा बरोबर आहे हे घालण्याआधी कळतं का?

कळतं. सपाट मिटणाऱ्या नकाशात प्रत्येक बिंदूवर वरच्या आणि खालच्या घड्यांच्या संख्येत दोनचाच फरक असतो, आणि बिंदूभोवतीचे एकाआड एक कोन मिळवले की १८० अंश भरतात. हे दोन्ही जुळलं नाही तर तिथे कागद मिटणार नाही. जपानच्या कोर्यो मिउरा यांची घडी १९९५ मध्ये अवकाशात सौरपट्ट्या उघडण्यासाठी वापरली गेली, ती याच नियमांत बसते. एक कोपरा ओढला की सगळा ताव उघडतो. मूर्तीच्या मागच्या पडद्याला ती छान दिसते.

शरीराच्या छेदाचं क्विलिंग करताना सुरुवात कुठून?

बाहेरच्या रेघेपासून. ६ मिमी रुंदीची पट्टी छेदाच्या आराखड्यावर उभी बसवा, मग हाडं, मग स्नायू, शेवटी चरबी. हाडाला घट्ट गुंडाळ्या, स्नायूला तंतूंच्या दिशेने वाकवलेल्या समांतर पट्ट्या, चरबीला सैल पिवळसर गुंडाळ्या. डिंक फक्त पट्टीच्या टोकाला. सगळं बसलं की उलटं करून मागून पातळ फेविकॉलचा एक हात. पुढून लावला तर चमक येते आणि खोली जाते. छेद सीटी स्कॅनवरून घेत असाल तर चित्र पायाकडून पाहिल्यासारखं असतं, म्हणून यकृत डावीकडे दिसतं. ते बघून उलटसुलट करू नका, बरोबरच असतं.

त्रिभंग, म्हणजे तीन ठिकाणी वाकलेली मूर्ती पडते. तोल कसा काढायचा?

समोरची आकृती कार्डशीटमधून कापा. डोक्याजवळ टाचणीने टांगा, त्याच टाचणीला दोरा आणि वजन बांधून ओळंबा सोडा, रेघ मारा. मग हाताजवळून टांगून पुन्हा रेघ. दोन रेघा मिळतात तो आकृतीचा गुरुत्वमध्य. त्याच्यातून खाली सोडलेली सरळ रेघ दोन पावलांच्या आत पडली पाहिजे. बाजूच्या आकृतीचंही असंच करा. रेघ बाहेर जात असेल तर मूर्तीची कंबर बदलू नका, पीठात, म्हणजे मूर्तीखालच्या बैठकीत, वजन घाला. कागद हलका असल्यामुळे वाऱ्याचा धक्काही मोजावा लागतो: अर्ध्या मीटरच्या मूर्तीला एक किलोचं पीठ आम्ही कमीत कमी मानतो.

पावसाळ्यात काम करावं का?

चिकटवण्याचं नको. जुलै-ऑगस्टमध्ये नाशिकची हवा ८० टक्क्यांच्या वर ओलसर असते. कागद फुगलेल्या अवस्थेत चिकटतो आणि दिवाळीनंतर कोरड्या हवेत आक्रसून सांधे ओढतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा चांगला काळ. मार्च ते मेमध्ये फेविकॉल रोलरवरच वाळतो, साचा दर वीस तावांनी पुसावा लागतो. कुठल्याही ऋतूत रीम फोडून कागद कामाच्या खोलीत २४ तास मोकळा ठेवावा, मगच हात लावावा.

पावसाळ्यात रेखाटनं, साचे, मोजमापं आणि थर कापण्याचं काम उरकून घ्यावं.

तयार शिल्प सांभाळायचं कसं?

उजेड आणि कीड, दोन्हींपासून. संग्रहालयांत कागदावर ५० लक्सच्या आसपास उजेड ठेवतात. घरात तेवढं शक्य नसेल तर निदान खिडकीचं थेट ऊन टाळा. वर्तमानपत्री कागदात लिग्निन असतं, तो काही महिन्यांत पिवळा पडतो, कायमच्या कामात वापरू नका. खळ वापरली असेल तर कसर आणि झुरळ हमखास येतात, खळीत थोडं मोरचूद घालायची जुनी पद्धत आहे, पण ते विषारी आहे आणि पांढऱ्या कागदावर निळसर डाग सोडतं, म्हणून लहान मुलं असलेल्या घरात फेविकॉलच बरा. भिंतीला टेकवून ठेवू नका, मागे दोन बोटं हवा खेळू द्या.

उघडणारं डोकं नेहमी मिटवून, वर हलकी फळी ठेवून ठेवावं. उघडं राहिलं आणि हवा दमट असली तर तंतू त्याच स्थितीत बसतात. तसं झालंच तर कोरड्या दिवशी मिटवून, दोन किलोखाली आठवडाभर ठेवा. बरंचसं परत येतं.

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी यातलं काय जमेल?

प्रभावळीचं कडं एका तासिकेत होतं. नारळ आणि कागद घेऊन वक्रता दाखवणं त्याहून सोपं. जाळीसाठी पूर्ण डोकं नको, पन्नास तावांचा एकच गठ्ठा अर्ध्या मडक्याच्या आकारात कापा आणि दोन्ही बाजूंना पुठ्ठा चिकटवा. पुठ्ठे फिरवून पाठीला पाठ लावले की मडकं पूर्ण होतं. रेघेची रुंदी ३, ४ आणि ५ मिमी ठेवून तीन गठ्ठे केले तर कोणतं मडकं किती फुगतं ते मुलांना पट्टीने मोजता येतं.